डाव्याची साक्ष

तीन दिवस आम्ही उजव्या इंजिनातच होतो.

मोजणीचं विमान, दोन पंख्यांचं,
लातूरच्या धावपट्टीच्या कडेला उभं,
आणि पॅनेलवर दोन हिरवे दिवे लागायला हवेत तिथं
एकच.
सकाळी दोन्ही लागायचे.
अकरा वाजले, डांबर मऊ पडलं
की उजवा मिटायचा,
शिकवणीच्या पोराचे डोळे दुपारच्या तासाला मिटतात तसा.

दिवा फार काही सांगत नाही.
एवढंच सांगतो, की हवेत इंजिन मेलं
तर त्याचा पंखा आपली आपण पाती वळवील,
वाऱ्यापुढं छाती काढून उभा राहणार नाही,
धार करील, वाऱ्याला जाऊ देईल.
मेलेल्यानं जित्याला मागं ओढू नये
एवढ्याचसाठी ही तार, ही झडप, हे तेल.
कुणालाही कधी लागू नये अशी सोय,
आणि तीच लागत नव्हती.

मॅनेजरचा फोन : "मॅडम, एक दिवाच ना?"
हो, म्हटलं. एकच.
फोन घामानं कानशिलाला चिकटला होता.

बल्ब बदलला.
डाव्याचा काढून उजव्याला लावून पाहिला.
उजव्याचा दाबाचा स्विच उतरवला,
नवा हैदराबादहून रात्रीच्या बसनं आला
ड्रायव्हरच्या सीटखाली, मिठाईच्या खोक्यात.
सकाळी दोन दिवे. सगळ्यांना चहा पाजला.
अकराला एक.

खालेद शुत्तारी, मूळचे उदगीरचे,
आधी बोअरच्या मोटारी भरायचे, मग वीस वर्षं हवाई दलात,
विमानाच्या सावलीत उकिडवे बसून
वायरिंगचा नकाशा चौथ्यांदा उलगडत होते.
त्यांचं बोट उजव्या दिव्यापासून निघालं
आणि विमानाचं पोट ओलांडून
पलीकडं गेलं.
"अरे हौ," ते म्हणाले,
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

उजवा सज्ज होतो तो डाव्याच्या शब्दावर.
डाव्यानं सांगायचं : मी आहे, जोरात आहे,
तुला काही झालं तर मी ओढीन.
मगच इकडचा दिवा.
नाहीतर दोघांनीही एकदम पाती वळवली
तर वर कोण कुणाचं?

ज्याच्या दारात अंधार
त्याच्याच घराची झडती घेत होतो आम्ही.

औसा रोडच्या पार्लरमधून केस वाळवायचं मशीन आणलं.
मैना म्हणाली, "उद्या दहाला नवरी येणारे, त्याच्या आत."
रात्री डाव्याचं झाकण उघडलं.
धावपट्टीपलीकडं टिटवी ओरडत होती
आम्हीच तिची अंडी चोरायला आल्यासारखी.
मीटर लावला, त्याची शिट्टी चालू.
पहिल्या प्लगवर गरम हवा. शिट्टी.
दुसऱ्यावर. शिट्टी.
तिसऱ्यावर धरली आणि
टिटवीच तेवढी ऐकू येऊ लागली.

एक पिन, कुसळाएवढी,
खोबणीत मागं सरकलेली.
गारव्यात टेकायची,
उन्हात हात सोडायची.
खालेदभाईंनी ती चष्म्यावर चष्मा लावून पाहिली
आणि तिला एक शिवी दिली, मायेची.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनला इंजिनं चालू केली.
त्रेचाळीस अंश. दांडे पुढं.
दोन दिवे.
मग मी डावा दांडा हळूहळू मागं ओढला,
डाव्याचा जोर उतरत गेला,
आणि उजवा दिवा विझला.
तीन दिवस जो विझला म्हणून झोप नव्हती
तो आज विझला, म्हणून आम्ही दोघं हसलो.

लॉगबुकात तीन ओळी आणि सही.
मशीनचं लिहायला रकाना नव्हता.

ते परत द्यायला चार वाजले.
मैना बोलली नाही.
नवरीचे केस तिनं
छताच्या पंख्याखाली वाळवले होते.